ऋषभदेव: जैनांचे आणि भागवतातले

नाशिक जिल्ह्यात मांगी-तुंगीच्या डोंगरात कोरलेली आदिनाथांची १०८ फुटांची मूर्ती बघायला गेलं, की बरोबरचं कुणीतरी विचारतंच, ‘आदिनाथ म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेतले का?’ नाही. ते आदिनाथ म्हणजे शंकर. हे आदिनाथ म्हणजे ऋषभदेव, जैनांचे पहिले तीर्थंकर. हा गुंता एका वाक्यात सुटतो.

भागवताशी होणारा गुंता मात्र सहज सुटत नाही. पाचव्या स्कंधात ऋषभ नावाचा राजा भेटतो, आणि त्याचा गोतावळा जैन ऋषभदेवांशी फारच जुळतो. वडील दोन्हीकडे नाभी. आई इकडे मरुदेवी, तिकडे मेरुदेवी. मुलगे शंभर (दिगंबर एकशे एक मोजतात), थोरला भरत, त्याच्यावरून भारतवर्ष. पण कुंभोजला ज्यांची मूर्ती आहे ते जैन ऋषभदेवांचे पुत्र बाहुबली भागवतात शोधून सापडत नाहीत. ब्राह्मी आणि सुंदरी या मुलीही नाहीत.

या मुलींचं नसणं साधं नाही. जैन कथेत कल्पवृक्ष आटू लागतात, लोक गोंधळतात, तेव्हा ऋषभदेव त्यांना असि, मसि, कृषि, म्हणजे शस्त्र, लेखणी आणि शेती शिकवतात. ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंक. मोक्षमार्ग नंतरचा, आधी पोटाची सोय! पुढे ते स्वतः संन्यास घेतात, तर साधूला भिक्षा काय घालायची हेच कुणाला ठाऊक नसतं. लोक हत्ती, रत्नं पुढे करतात. वर्षाहून अधिक काळ उपाशी राहिल्यावर हस्तिनापुरात श्रेयांस त्यांच्या ओंजळीत उसाचा रस ओततो. ती अक्षय्य तृतीया. वर्षीतप या जैनांच्या उपासाच्या व्रताचं पारणं आजही उसाच्या रसानंच फेडतात.

भागवतातला ऋषभ शेती शिकवत नाही. मुलांना बसवून सांगतो, की जो मृत्यूपासून सोडवू शकत नाही तो गुरू नव्हे, बाप नव्हे, आईसुद्धा नव्हे. मग अवधूत होऊन वेड्यासारखा भटकतो, अजगरासारखा पडल्या जागी खातो-पितो, आणि शेवटी तोंडात दगड धरून कुटकाचलाच्या रानात फिरत असताना वणव्यात त्याचा देह जळतो. जैनांचे ऋषभदेव अष्टापद पर्वतावर ध्यानात निर्वाण पावतात. तिथे ना वणवा, ना वेडाचं सोंग.

ऋषभदेवांसाठी ‘आद्य गुरू’ हे बिरुदही जपूनच वापरावं. जैन मतानुसार ते चालू अवसर्पिणीपुरते, म्हणजे कालचक्राच्या सध्याच्या उतरत्या अर्ध्यापुरते पहिले, आधीच्या कालचक्रांतही तीर्थंकर झालेच. शिवाय ते कुणाचा अवतार नव्हेत, स्वतःच्या तपानं मुक्त झालेले. भागवतात ते विष्णूचे अवतार, पण पहिल्या स्कंधातल्या यादीत आठवे. नारद, कपिल, दत्त त्यांच्या आधीचे. आणि एक खोच अशी, की ऋषभाला अवतार मानणारं हेच पुराण, त्याचं आचरण बघून अर्हत् (जैन आपल्या जिनांना हेच म्हणतात) नावाचा राजा कलियुगात पाखंड पसरवील, असंही सांगतं. मला हा शेजाऱ्याला ओसरीवर बसवून घराला कडी घालण्याचा प्रकार वाटतो.

भागवतातल्या ऋषभाच्या नऊ मुलांना आपण ओळखतो. कवी, हरी, अंतरिक्ष वगैरे हे नवयोगी एकनाथी भागवतात विदेहाच्या निमिराजाच्या यज्ञात येतात. नवनाथ भक्तिसार म्हणतो, कवी म्हणजे मच्छिंद्र, हरी म्हणजे गोरक्ष. म्हणजे नाथांचा आदिनाथ शंकर, पण नवनाथ मूळचे ऋषभाच्या घरचे. मांगी-तुंगीला विचारणाऱ्याला ‘नाही’ म्हणून झाल्यावर मी हल्ली हे शेपूट जोडतो.