इमिक्विमॉड

त्वचेवर मलमाच्या रूपात लावायचे औषध; इमिडाझोक्विनोलीन या रासायनिक गटातील कृत्रिम संयुग. कर्कपेशी मारण्याचे काम ते मुख्यतः शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेकडून करवून घेते. रेणुभार सुमारे २४०.

अमेरिकेतील थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात विषाणुरोधके शोधताना ते हाती आले. काचपात्रातील पेशींमध्ये हर्पीज विषाणूवर त्याचा काहीच परिणाम दिसेना. त्याच विषाणूची लागण केलेल्या गिनीपिगांना मात्र संरक्षण मिळे. औषध शरीराला इंटरफेरॉन (विषाणूंविरुद्ध पेशींनी स्रवलेली प्रथिने) तयार करायला लावते, हे त्यातून उमगले. ते नेमके कसे, याचा उलगडा २००२ मध्ये जपानमधील शिझुओ अकिरा यांच्या गटाने केला : टोल-सदृश ग्राही ७ (रोगजंतूंची चाहूल घेणारे प्रतिकारपेशींतील प्रथिन) नसलेल्या उंदरांत औषधाला प्रतिसाद मिळत नाही. या ग्राहीला चेतवणारा नैसर्गिक रेणू, म्हणजे विषाणूंचे एकपदरी आरएनए, २००४ मध्ये ओळखला गेला. बनावट किल्ली अस्सल किल्लीच्या आधी सापडली म्हणायची!

सगळे परिणाम या एकाच ग्राहीमार्फत होतात का, याबाबत मतभेद आहेत. ॲडेनोसीन ग्राहींचा (ॲडेनोसीन या रेणूचे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचा) रोध, कर्कपेशींचा थेट मृत्यू आणि तंतुकणिकांच्या (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांच्या) श्वसनसाखळीत अडथळा येऊन सुरू होणारा दाह असे अन्य मार्गही सुचवले गेले आहेत. त्यांपैकी काही परिणाम जास्त संहतीतच आढळत असल्याने ग्राही ७ हाच प्रमुख मार्ग मानणे सयुक्तिक वाटते.

अमेरिकेत १९९७ मध्ये जननेंद्रियावरील चामखिळींसाठी आणि २००४ मध्ये उन्हामुळे होणारी त्वचेची पूर्वकर्क स्थिती व वरवरचा बेसल सेल कर्करोग (त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाच्या पेशींचा कर्करोग) यांसाठी मान्यता मिळाली. या कर्करोगात ५ टक्के मलम आठवड्यातून पाच रात्री, सहा आठवडे चोळतात व सकाळी धुतात. जागा लाल होते, चिघळते, खपली धरते. हा दाह बहुधा औषध लागू पडल्याची खूण असतो. ब्रिटनमधील एका चाचणीत पाच वर्षांनंतर यशाचे प्रमाण मलमाने ८२.५ टक्के, तर शस्त्रक्रियेने ९७.७ टक्के आढळले. शस्त्रक्रिया सरस असली, तरी व्रण टाळायचा असल्यास मलमाचा विचार होतो. हा कर्करोग गोऱ्या त्वचेत अधिक आढळतो; सावळ्या त्वचेत तो तुलनेने विरळ.

निरोगी उंदराच्या त्वचेवर हेच मलम रोज लावल्यास सोरायसिससारखा (त्वचेवर लाल, खवलेदार चट्टे उठणाऱ्या रोगासारखा) दाह होतो. त्यामुळे २००९ पासून त्या रोगाच्या अभ्यासासाठीही ते प्रयोगशाळांत वापरले जाते.