वेशभूषा-बाहुल्यांचा संग्रह

एखाद्या देशाचा किंवा प्रदेशाचा पारंपरिक पोशाख ल्यायलेल्या, प्रवाशांसाठी बनवलेल्या बाहुल्या जमवण्याचा छंद. उंची बहुधा १५ ते ३० सेंमी. दिल्लीचे शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय (१९६५) अशाच संग्रहातून उभे राहिले, व्यंगचित्रकार के. शंकर पिळ्ळै यांना ही गोडी लागली ती हंगेरीच्या राजदूताने दिलेल्या बाहुलीमुळे.

‘राष्ट्रीय’ म्हणून विकला जाणारा वेश पुष्कळदा एकाच भागाचा, तोही सणासुदीचा असतो. नेदरलँड्सच्या बाहुलीची टोकदार पांढरी टोपी वोलेंडाम या मच्छीमारांच्या गावातली. स्पेनची झालरींची नर्तकी अँदालुसियातली. चिक्लाना गावातील मारीन यांच्या कारखान्याने १९२८पासून अशा नर्तकी घडवल्या. म्हणून नोंदवहीत देशाखाली प्रदेश, खरेदीचे ठिकाण व वर्ष, उंची आणि डोके-धड कशाचे हे लिहावे. मनगटाचा पुठ्ठ्याचा टॅग किंवा तळव्यावरची चिठ्ठी काढू नये. तीच गेली तर बाहुली कुठली हे सांगणे अनेकदा अशक्य होते.

जपणुकीतली खरी अडचण ही, की अंग आणि कपडे वेगवेगळ्या गतीने खराब होतात आणि एकमेकांना बिघडवतात. सेल्युलॉइड (जुन्या बाहुल्यांसाठी वापरलेले एक प्लास्टिक) चोळल्यावर कापरासारखा वास येतो. ते झटकन पेट घेते आणि त्यातून निघणाऱ्या आम्ल वाफा शेजारच्या बाहुल्यांचे कापड व धातूही खातात. जुन्या कडक प्लास्टिकला (सेल्युलोज अ‍ॅसिटेट) व्हिनेगरचा वास सुटला, की विघटन सुरू झाले असे समजावे. दोन्ही प्रकारच्या बाहुल्या इतरांपासून दूर, हवेशीर जागी ठेवाव्यात. व्हिनाइल (मऊ प्लास्टिक) कालांतराने चिकट होते, धूळ धरते आणि लाल-निळ्या कपड्यांचा रंग आत शोषून घेते. हा डाग सहसा निघत नाही. आधीच अंग आणि कपड्यांच्या मध्ये आम्लमुक्त कागद घालणे बरे.

कपडे बहुधा अंगाला चिकटवलेले किंवा टाचलेले असतात. उतरवायला गेले तर फाटतात, धुतले तर रंग उतरतो आणि आतली पिन गंजते. त्यामुळे धूळ काढायची ती मऊ ब्रशने, किंवा नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधून कमी जोरावर चालवलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने.

उजेड मंद, ५० लक्सच्या (प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास असावा. एकदा उडालेला रंग परत येत नाही. लोकर, फेल्ट, पिसे आणि खऱ्या केसांचे टोप यांना कसर लागते. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात. त्याऐवजी निव्वळ कापडी बाहुली हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंश से.ला किमान दोन आठवडे गोठवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवस बंदच ठेवावी, नाहीतर कापडावर दव साचते. मेणाच्या, लाकडी लगद्याच्या किंवा रंगवलेल्या डोक्याच्या बाहुलीवर हा उपाय करू नये, तडे जातात.