डोक्याचे टाके निघाल्यानंतर

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस रुग्णालयातून घरी येतो, टाके निघतात, सीटी स्कॅनमध्ये काही दोष नसल्याचे डॉक्टर सांगतात आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. दोन-तीन महिन्यांनी मात्र तोच माणूस बोलेनासा होतो, अन्नावरची त्याची वासना उडते, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही आणि पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत त्याचे मन रमत नाही. जखम भरत चाललेली असताना मनःस्थिती बिघडत का जावी, हे घरच्यांना उमगत नाही आणि ‘आता बरा झालास, मग असा का बसतोस’ हा प्रश्न काळजीपोटी विचारलेला असला तरी रुग्णाला तो आरोपासारखा लागतो.

हा अनुभव अपवादात्मक नाही. अमेरिकेतील सिएटल येथे मेंदूच्या दुखापतीमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या 559 रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करण्यात आला. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यांपैकी 53 टक्के रुग्णांना त्या वर्षात केव्हा ना केव्हा तीव्र नैराश्याने गाठले होते आणि नैराश्य आलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना औषध किंवा समुपदेशन मिळाले होते. मला यातला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करतो, कारण हे रुग्ण वैद्यकीय व्यवस्थेला माहीत असूनही उपचारांपासून दूर राहिले.

अपघाताच्या धक्क्याने कोणीही खचेल, असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात मेंदूला सौम्य दुखापत झालेल्यांची तुलना हाडांना इजा झालेल्यांशी करण्यात आली. तीन महिन्यांनंतर आघातोत्तर तणावाची (भयंकर प्रसंगानंतर मनात राहणाऱ्या त्रासाची) किंवा तीव्र नैराश्याची लक्षणे पहिल्या गटात 20 टक्के, तर दुसऱ्या गटात 8.7 टक्के लोकांमध्ये आढळली. अपघात दोघांच्याही वाट्याला आला होता; मेंदूला लागलेला मार हा त्यांच्यातला मोठा फरक होता.

आपल्याकडे रक्त न येता आतून लागते त्याला मुका मार म्हणतात. डोके जोरात हिसकले गेले की मेंदू कवटीच्या आत हेलकावतो, त्याचे थर एकमेकांवर सरकतात आणि पेशींना जोडणारे सूक्ष्म अक्षतंतू ताणले जातात. ही इजा साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. कपाळामागचा भाग आणि भावनांशी निगडित खोलवरची केंद्रे यांना जोडणारे मार्ग विस्कळीत झाले, तर नकोसा विचार बाजूला सारण्याची आणि उत्साहाने काही हाती घेण्याची क्षमताच मंदावते. जिथून धीर धरायचा, ती जागाच दुखावलेली असताना ‘धीर धर’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही.

नैराश्य उशिरा वाढण्याला आणखी एक कारण असते. सुरुवातीच्या आठवड्यांत अनेक रुग्णांना आपल्यात काय बदलले आहे याची पुरेशी जाणीव नसते. मेंदू सावरू लागतो तशी ती जाणीव येते. पूर्वी तोंडी होणारा हिशेब आता जमत नाही, चार माणसे एकदम बोलू लागली की डोके भणभणते, हे त्याच सुमारास कळते, आणि नेमक्या त्याच काळात पाहुण्यांची वर्दळ थांबलेली व कामावरची रजा संपत आलेली असते.

नैराश्य वाढत असेल तर ते मनाचेच आहे असे गृहीत धरू नये. फिटचे झटके येऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरॅसिटाम या औषधाने काही जणांमध्ये चिडचिड आणि नैराश्य येते. ते परस्पर बंद करणे धोक्याचे आहे, परंतु डॉक्टर त्याला पर्याय देऊ शकतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीला इजा झाल्यास संप्रेरके (हार्मोन्स) घटतात आणि त्याचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो. वृद्धांमध्ये किरकोळ मारानंतरही काही आठवड्यांनी कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकते. सुस्ती, वाढती डोकेदुखी, गोंधळ किंवा चालताना तोल जाणे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दारू मात्र प्रत्येक वयात पूर्ण टाळावी, कारण ती झोप, मनःस्थिती आणि झटक्यांचा धोका या तिन्हींना बिघडवते.

उपचारांबाबत प्रामाणिकपणे सांगायचे, तर सर्वांना लागू पडणारी एकच गोळी नाही. सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधे वापरली जातात. पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत सर्ट्रालीन घेणारे आणि औषधविरहित गोळी घेणारे असे दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही, मात्र केवळ त्यावर विसंबू नये. दुखावलेला मेंदू औषधांना अधिक संवेदनशील असतो, म्हणून मात्रा कमी ठेवून सावकाश वाढवतात, आणि ब्युप्रोपिऑनसारखी झटक्यांची शक्यता वाढवणारी औषधे शक्यतो टाळतात. समुपदेशनाची सत्रे छोटी ठेवून मुद्दे लिहून दिले, तर स्मरणशक्ती कमी झालेल्यालाही त्यांचा उपयोग होतो. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. पहिल्या एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, लक्षणे फारशी वाढणार नाहीत इतपत चालणे आणि घरकाम हळूहळू वाढवणे सौम्य दुखापतीत हितकारक ठरते.

जगणे नकोसे झाल्याचे रुग्ण बोलला, तर ते बोलणे गंभीरपणे घ्यावे. डेन्मार्कमधील 1980 ते 2014 या काळातील नोंदींनुसार मेंदूच्या दुखापतीनंतर आत्महत्येचा धोका जवळपास दुप्पट आढळला आणि दुखापतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तो सर्वाधिक होता. अशा वेळी रुग्णाला एकटे सोडू नये, तातडीने डॉक्टरांकडे न्यावे आणि 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते.

तपासणीला जाताना सोबत राहणाऱ्या माणसाने आत जाण्याची परवानगी रुग्णाकडे जरूर मागावी आणि झोप, जेवण, रडू येण्याच्या वेळा, औषधे यांची टिपणे असलेली वही बरोबर न्यावी. ‘कसे वाटते’ असे डॉक्टरांनी विचारल्यावर रुग्ण सवयीने ‘बरे आहे’ म्हणतो. मागच्या पंधरा रात्रींत तो किती तास झोपला, हे त्या वहीत लिहिलेले असते.