डडलिया: पावसात वाढणारं, उन्हाळ्यात झोपणारं रोप
बे एरियातल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आमच्या रोपवाटिकेतून तुम्ही नेलेलं डडलिया हे कॅलिफोर्नियाच्या समुद्रकड्यांवरचं रोप आहे. पॉइंट रेयेसला, मेंडोसिनोला किंवा हाफ मून बेच्या दक्षिणेला समुद्राकडे तोंड केलेल्या खडकांवर पांढरट-हिरव्या जाड पानांचे गुच्छ दिसतात, ते याचेच भाऊबंद. कड्याच्या भेगेत मूठभर माती, समोरून खारा वारा आणि उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही, अशा जागी ही झाडं अनेक दशकं जगतात. घरी आणलेली बरीचशी रोपं मात्र पहिल्याच उन्हाळ्यात जातात, कारण त्यांना प्रेमाने पाणी घातलं जातं. हे पत्रक मुख्यतः तेवढ्यासाठी लिहिलं आहे.

पाण्याचं वेळापत्रक उलटं आहे

आपल्या मनातला पावसाळा जूनमध्ये सुरू होतो. उन्हाळा म्हणजे झाडांना पाणी, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. इथे पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो, मार्च-एप्रिलपर्यंत रेंगाळतो आणि मग थेट पुढच्या दिवाळीपर्यंत गायब होतो. डडलियाचं सगळं आयुष्य या चक्राशी बांधलेलं आहे. पहिल्या पावसाबरोबर ते जागं होतं, हिवाळाभर पानं धरतं, वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतं आणि नंतर झोपी जातं.

झोपलेलं डडलिया बघून काळजी वाटते. बाहेरची पानं सुकतात, आतली आक्रसून मुडपतात, गुच्छ लहान होतो आणि रंगही उतरतो. ते मरायला टेकलेलं नसतं. स्वतःचं पाणी वाचवत असतं. अशा वेळी ऊबदार, ओल्या मातीत त्याची मुळं कुजतात आणि कूज खोडात चढली की वरून काही कळायच्या आत रोप हातचं जातं.

म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पाऊस पडत असेल तर काहीच करू नका. दोन आठवडे कोरडे गेले तर कुंडीच्या तळातून पाणी निथळेपर्यंत एकदा भरपूर घाला आणि वरची माती पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा घालू नका. मे महिन्यापासून पाणी कमी करत न्या. जुलै ते सप्टेंबरमध्ये पॅसिफिका किंवा डेली सिटीसारख्या धुक्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी पाणी जवळजवळ बंदच ठेवावं. फ्रीमॉंट, प्लेझंटन, सॅन रमोन किंवा सॅन होजेत कुंडी तापते, तिथे तीन-चार आठवड्यांतून एकदा, गार दिवस बघून, संध्याकाळी थोडंसं पाणी पुरतं. जमिनीत लावलेल्या आणि मुरलेल्या रोपाला तेही लागत नाही.

सुट्टीत महिना-दीड महिना भारतात जाणार असाल तर या रोपाची अजिबात चिंता करू नका. शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगू नका, एवढंच. आणि उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे इथे राहायला आले, की बाल्कनीतल्या झाडांची जबाबदारी ते आनंदाने घेतात. त्यांना हे पत्रक आधी वाचायला द्या. तुळस आणि कढीपत्त्याला उन्हाळ्यात जे रोजचं पाणी लागतं, तेच डडलियाला मारक ठरतं. म्हणून ही कुंडी त्यांच्या रांगेत ठेवू नका, ठिबकची नळीही तिच्याकडे वळवू नका.

इतक्या कमी पाण्यात ते जगतं कसं?

डडलिया आपल्या पानफुटीच्या कुळातलं आहे. या कुळातल्या बऱ्याच वनस्पती पानांवरची रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात, रंध्रं बंद ठेवून, तो वापरतात. उन्हात तोंड उघडावं लागत नाही म्हणून पाणी उडून जात नाही. या गोष्टीची एक जुनी नोंद भारतातच झालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात असलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतीतज्ज्ञाने पानफुटीची पानं चाखून पाहिली. पहाटे ती आंबट लागायची आणि दिवस चढेल तशी आंबटपणा गमवायची. त्याचं हे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झालं.

पानफुटीशी असलेलं नातं इथेच संपवा, कारण तिच्यासारखं पानापासून नवं रोप करायला गेलात तर निराशा होईल. पानफुटीच्या पानाच्या कडेला पिल्लं फुटतात, दुकानात मिळणाऱ्या, असाच पानांचा गुच्छ असलेल्या एचेव्हेरियाचं गळलेलं पानही मातीवर रुजतं. डडलियाचं पान सहसा रुजत नाही, वाळून जातं. नवी रोपं बियांपासून होतात किंवा बाजूला फुटलेला गुच्छ खोडाच्या तुकड्यासकट कापून लावावा लागतो.

पांढरी पूड

पानांवरची पांढरी पूड म्हणजे धूळ नाही आणि बुरशीही नाही. ते झाडाने स्वतः तयार केलेलं मेण आहे. ते ऊन परतवतं, पानातलं पाणी राखतं आणि पावसाचे थेंब पानावर न थांबता घरंगळून जातात तेही त्याच्यामुळेच. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या डडलिया ब्रिटोनीवर ही पूड इतकी दाट असते की रोप खडूने रंगवल्यासारखं दिसतं, आणि अतिनील किरणं परतवण्यात तिची बरोबरी करणारं फारसं काही वनस्पतिसृष्टीत नाही.

एकदा पुसली गेलेली पूड त्या पानावर पुन्हा येत नाही. बोटाचा ठसा ते पान गळेपर्यंत राहतो. म्हणून रोप नेहमी कुंडीला धरून उचला, मुलांना पानांना हात न लावता बघायला शिकवा आणि पाणी वरून न ओतता मातीवर कडेने घाला. पानं कापडाने पुसून चकचकीत करायचा मोह टाळा. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी आपल्याकडे सर्रास फवारतात, पण या रोपावर फवारू नका. तेलाने पूड विरघळते आणि पान उघडं पडतं.

कुंडी, माती आणि थोडा तिरपेपणा

कुंडी मातीची, बिनचकाकीची आणि तळाला मोठं भोक असलेली हवी. आकाराने गुच्छापेक्षा जराशीच मोठी पुरे, कारण मोठ्या कुंडीतली जादा माती ओल धरून बसते. खाली ताटली ठेवायचीच असेल तर तिच्यात पाणी साचू देऊ नका. मातीत निम्मं तरी प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी खडा) किंवा जाडसर पर्लाइट (भाजून फुलवलेले पांढरे खडे) असावं, उरलेलं निवडुंगासाठी मिळणारं मिश्रण. शेणखत, कंपोस्ट घालू नका. आमच्या मते खताची गरजच नसते. द्यायचंच असेल तर हिवाळ्यात एकदा, पिशवीवर सांगितल्याच्या पाव मात्रेत.

आता आमचा सगळ्यात आवडता सल्ला: रोप सरळ लावू नका, तिरपं लावा. कड्यावरचं डडलिया आडवं, बाहेर झुकलेलं वाढतं, त्यामुळे पावसाचं पाणी गुच्छात साठत नाही. कुंडीत सपाट बसवलेल्या गुच्छाच्या मधोमध हिवाळ्यातल्या झडीत पाणी थांबतं आणि कोवळी पानं सडू शकतात. तीस-चाळीस अंशांचा तिरपेपणा पुरतो. अंगणात दगडी बांध असेल तर त्याच्या फटीत लावा. तिथे ते कुठल्याही कुंडीपेक्षा खुश राहील. लावण्याची किंवा कुंडी बदलण्याची योग्य वेळ म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, झाड जागं होत असताना.

ऊन भरपूर हवं. किनाऱ्याजवळ दिवसभराचं चालतं. आतल्या खोऱ्यांत सकाळचं ऊन आणि दुपारी सावली द्या, नाहीतर ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या दिवशी पानं भाजतात. घराच्या आत ठेवणं आम्ही सुचवत नाही. बाल्कनी नसेल तर दक्षिणेच्या खिडकीला अगदी काचेलगत ठेवा आणि खिडकी उघडी ठेवत जा. उजेड कमी पडला की गुच्छ सैल होतो, पानं लांबुडकी आणि हिरवी पडतात. हिवाळ्यात कडक दव गोठणार असं कळलं तर रात्रीपुरतं जुनं सुती कापड टाका.

फुलं, कीड आणि आजार

फुलदांडा गुच्छाच्या मधून न येता पानांच्या बगलेतून येतो, त्यामुळे फुलून गेल्यावर झाड मरत नाही, दरवर्षी पुन्हा फुलतं. डडलिया फॅरिनोसा या जातीची फुलं फिकट पिवळी असतात, डडलिया सेस्पिटोसा या जातीची पिवळ्यापासून तांबूस केशरीपर्यंत. फुलांवर हमिंगबर्ड येतात. दांडा वाळला की ओढून काढू नका, कात्रीने कापा.

दांड्यावर मावा येतो, पानांच्या तळाशी पिठ्या ढेकूण लपतात, आणि बहुतेक वेळा त्यांना मुंग्या आणतात आणि सांभाळतात. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. पिठ्या ढेकणावर कापसाची काडी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून फक्त त्या जागी टेकवा. खालची वाळलेली पानं शरद ऋतूत हलक्या हाताने काढा, कीड तिथेच घर करते. पावसाळ्यात गोगलगायी रात्री पानं कुरतडतात. टॉर्च घेऊन वेचणं हाच उत्तम उपाय.

बुंधा मऊ आणि काळपट लागला तर थांबू नका. स्वच्छ सुरीने खोड कापत वर जा, आतला गर पांढरा-हिरवा दिसेपर्यंत. मग गुच्छ सावलीत कोरड्या जागी आठवडा-दोन आठवडे तसाच ठेवा आणि काप सुकला की कोरड्या प्यूमिसवर बसवा. मुळं पावसाळ्याच्या सुरुवातीला लवकर धरतात.

रोप भारतात नेण्याबद्दल बरेच जण विचारतात. नेऊ नका. परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जिवंत रोप भारतात नेता येत नाही. शिवाय हे झाड झोपेत असतं तेव्हाच तिकडे चार महिने धो धो पाऊस पडतो, त्यात ते टिकणं अवघड.

कड्यावरचं रोप कड्यावरच राहू द्या

गेल्या दशकात या रोपांना पूर्व आशियाच्या बाजारात मोठी किंमत येऊ लागली आणि चोरांनी कडे ओरबाडायला सुरुवात केली. २०१८ साली उत्तर कॅलिफोर्नियातून, तिथल्या सरकारी उद्यानांतूनही, उपटलेली हजारो डडलिया परदेशी पाठवण्याच्या तयारीत असताना पकडली गेली. त्या प्रकरणातल्या एका आरोपीला २०२२ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून राज्यात डडलियासाठी स्वतंत्र कायदा लागू आहे. सरकारी जमिनीवरून किंवा दुसऱ्याच्या जागेतून लेखी परवानगीशिवाय ते उपटणं, तोडणं आणि अशी रोपं विकणं हा गुन्हा आहे. दंड जबर आहे आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

हा विषय दूरचा नाही. सॅन होजेच्या दक्षिणेला, कायोटी व्हॅलीच्या आसपासच्या सर्पेंटाइन खडकांवर डडलियाचा एक प्रकार वाढतो. तो जवळजवळ फक्त याच खोऱ्यात आढळतो आणि १९९५ पासून देशाच्या संकटग्रस्त यादीत आहे. तो आम्ही विकत नाही. फिरायला गेलात आणि दिसला तर फोटो काढा, पण ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

दुसरीकडे विकत घेताना नीट बघा. जुनं जाड खोड, तुटकी मुळं, पानांवर ओरखडे आणि किडीचे जुने डाग, आणि एकाच खोक्यात लहानमोठी, वेगवेगळ्या वयाची रोपं असतील तर ती जंगलातून उपटलेली असण्याची शक्यता मोठी. बियांपासून वाढवलेली रोपं साधारण एकसारखी दिसतात. रोप कुठून आलं, असं विक्रेत्याला सरळ विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

आमची सगळी डडलिया बियांपासून केलेली आहेत. बी धुळीइतकं बारीक असतं, ते शरदात पेरतो आणि रोप विकण्याजोगं व्हायला काही वर्षं जातात. किंमत त्यामुळेच थोडी जास्त वाटते. प्रत्येक कुंडीतल्या पट्टीवर जात आणि पेरणीचं वर्ष लिहिलेलं आहे. ती पट्टी फेकू नका, आणि रोप कुणाला भेट दिलंत तर या पत्रकाबरोबर तीही द्या.