विरघळलेले लोह म्हणजे नेमके किती?

वाऱ्याने आलेल्या धुळीतले लोह समुद्राच्या पाण्यात किती विरघळते, हा इथला प्रश्न. समुद्रावर धूळ पडते हे जुनेच. १८३२ साली केप व्हर्द बेटांजवळ डार्विनच्या बीगल जहाजावर पडलेली धूळ जपून ठेवून तपासली गेली होती. बार्बाडोसमध्ये हवेतल्या धुळीची नोंद १९६५ पासून चालू आहे.

१९७०च्या दशकाआधीचे समुद्रातल्या धातूंचे बहुतेक आकडे मात्र टाकून द्यायच्या लायकीचे. त्यात जहाजाचा गंज, बाटलीची घाण असे सगळेच मोजले जायचे. ॲसिडने धुतलेल्या बाटल्या आणि स्वच्छ खोल्या आल्यावर तेच आकडे कित्येक पटींनी खाली आले. फिल्टरमधून हवा ओढून धूळ पकडणाऱ्या डेकवरच्या पंपालाही वाऱ्याची दिशा पाहणारा स्विच बसला. वारा धुराड्याकडून आला की पंप बंद. नाहीतर फिल्टरवर सहारा कमी आणि आपलेच डिझेल जास्त.

खरे भांडण लागले ते ‘विद्राव्य’ या शब्दावरून. एकूण लोह काढणे त्यामानाने सोपे: फिल्टर जहाल आम्लांत पार विरघळवा आणि मोजा. पण त्यातले पाण्यात उतरेल किती? कोणी फिल्टरवरून अतिशुद्ध पाणी काही सेकंदांत ओढून घेतले. कोणी अमोनिअम ॲसिटेटमध्ये तासभर भिजवले. कोणी समुद्राचेच पाणी घेतले. रास्त वाटते, पण सामू आठच्या आसपास असलेल्या त्या पाण्यात सुटलेले लोह गंजासारखे पुन्हा बसते. वर गाळणी ०.२ मायक्रॉनची की ०.४५ची? भोकातून निसटलेले बारीक कणही ‘विरघळलेले’ धरले जातात. परिणामी प्रसिद्ध आकडे एका टक्क्याच्या आतपासून पार ऐंशीच्या पुढे. त्यातला काही फरक खरा आहे, कारण तेलाच्या राखेतले लोह वाळवंटी धुळीतल्यापेक्षा सहज सुटते. पण २००८ साली मियामीत एकाच वेळी गोळा केलेले फिल्टर अनेक प्रयोगशाळांनी वाटून घेतले, तेव्हा पद्धतीचा वाटाही उघडा पडला. तरी सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरली नाही. माझ्या मते तिथेच चुकले.

सेंद्रिय द्रव्यांचे दुखणे वेगळे. आपल्याकडे १९९७ च्या बंदीपर्यंत शेतात मारली जाणारी बीएचसी ही कीटकनाशक पावडर अरबी समुद्रावरच्या हवेत सापडली, पण ती बरीचशी वायुरूपात असल्याने फिल्टरवर टिकत नाही. मागे फोम लावावा लागतो. शिवाय ती पाण्यातून हवेत परतही जाते.

धुळीचा वर्षाव काढायला हवेतल्या प्रमाणाला पडण्याच्या वेगाने गुणायचे, ही जुनी रीत. त्या वेगातच दोन-तीन पटींची चूक. अलीकडे हवेतून पाण्यात पडणाऱ्या, ५३ दिवसांच्या अर्धायुष्याच्या किरणोत्सर्गी बेरिलिअम-७चा पाण्यातला साठा मोजून वर्षावाचा आकडा पकडतात. मग गुणायचे विद्राव्यतेच्या टक्क्याने, आणि तो टक्का फिल्टर कोणी कशात धुतला त्यावर.