भिंती घातल्या की विश्वामित्रीचा पूर थांबेल?

दांडिया बाजारात आमच्याकडे अजून कुणी ना कुणी म्हणतंच, की अहमदाबादेत साबरमतीच्या काठी रिव्हरफ्रंटच्या सिमेंटच्या भिंती न् बागा आहेत, तशा विश्वामित्रीला घातल्या की बडोद्याचे पूर संपले. नाही हो, तसं नाहीये. तिथलं पाणी नर्मदा कॅनॉलचं, वासणा बॅरेजनं, म्हणजे बंधाऱ्यानं अडवलेलं. आपली विश्वामित्री पावागडाकडून येते, शहरातून वळणं घेत जाते आणि पावसाळ्यात काठची कोतरं, म्हणजे घळी, न् सखल जागाच तिचं जादा पाणी धरून ठेवतात, तिथे भराव टाकून पात्र अरुंद केलं तर ते पाणी आपल्याच सोसायट्यांत शिरणार ना? आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात रस्त्यावर आलेल्या मगरी या नदीतल्याच, मातीच्या उतारावर ऊन खात पडतात, तिथेच खड्डा करून अंडी घालतात, सिमेंटवर कुठे घालणार? आधी भराव काढा, बागा नंतर करू.