आठ नंबरच्या दोन सुया

गेल्या पावसाळ्यात माझी भाची मुलुंडहून आली ती विणकामाच्या सुयांचे दोन जोड घेऊनच. एक दादरच्या दुकानातला, दुसरा ऑनलाइन मागवलेला. दोन्हींवर आकडा आठच, पण एक बारीक आणि एक जाड. "मावशी, यातला चुकीचा कुठला?" चुकीचा कुठलाच नव्हता. दुकानातली सुई ४ मिलिमीटर जाडीची होती आणि ऑनलाइन आलेली ५.

आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि ती पद्धत तारेच्या गेजवरून आली. तार करताना धातूची सळई लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून पुन्हा पुन्हा ओढतात. जितक्या वेळा ओढली तितकी तार बारीक आणि तितका नंबर मोठा. म्हणून १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, तर १४ नंबरची जेमतेम २ मिलिमीटरची. अमेरिकी पद्धतीत याच्या नेमकं उलट, नंबर वाढला की सुई जाड. तेव्हा दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. शिकायला ४ ते ५ मिलिमीटरची सुई चांगली.

जाडी ठरली की सुई कशाची घ्यायची हे ठरवावं लागतं. माझ्या मते नवशिक्याची निम्मी कटकट इथेच टळते. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांत अडकलेले असतात. सुयांवरच्या विणकामात एकच धागा असतो आणि त्याचे फासे एकमेकांतून ओवलेले असतात. मध्ये गाठ कुठेच नाही. विणताना हे फासे सुईवर टिकतात ते घर्षणाच्या जोरावर. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमवरून टाका सरकन घसरतो आणि एक टाका निसटला की खालच्या ओळी शिडीसारख्या उसवत जातात. बांबूची सुई धाग्याला किंचित धरून ठेवते. वेग कमी मिळतो, पण शिकताना वेग हवाय कुणाला? हात बसला की धातूच्या सुया घ्याव्यात. स्टीलच्या हलक्या प्रतीच्या सुयांना मात्र आपल्या हवेत गंज चढतो आणि त्याचे डाग धाग्याला लागतात.

घर्षणाची दुसरी जागा म्हणजे आपली बोटं. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागते तेव्हा खलाशी दोरखंडाचे एक-दोन वेढे खुंट्याला देतो आणि एका हाताने एवढी मोठी बोट धरून ठेवतो. दर वेढ्यागणिक दोराची पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. करंगळीभोवती धागा गुंडाळून विणतो तेव्हा हेच घडतं. घर्षणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा, ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने ताण सुमारे साडेसहापट होतो आणि दोन वेढ्यांनी त्रेचाळीसपट! म्हणून एक वेढा पुरतो, दुसरा घेतला की धागा सुटतच नाही.

आता यात मुंबईची हवा मिसळा. दमट दुपारी बोटं ओलसर होतात, धागा त्वचेला चिकटतो. घर्षणांक ०.३ वरून नुसता ०.४ झाला, तर त्याच एका वेढ्याचा ताण साडेसहाऐवजी बारापट होतो. हे गणित ढोबळ आहे, बोट काही लोखंडी खुंटा नव्हे. पण जुलैच्या दुपारी टाके इतके घट्ट का पडतात की सुई आत शिरत नाही, हे त्यातून कळतं. अशा वेळी मी पंख्याखाली बसते, जवळ सुती रुमाल ठेवते आणि पूर्ण वेढ्याऐवजी अर्धाच घेते.

राहिला धागा. दुकानात "लोकर" म्हणून जे गुंडे मिळतात त्यांतले बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचे असतात. खात्री करायची असेल तर इंचभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर, खिडकी उघडी ठेवून जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, कारण दोन्ही केराटिन या प्रथिनाचेच, आणि मागे चुरा होणारी राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी राहतो. मणी गार होईपर्यंत हात लावू नका.

खऱ्या लोकरीचा तंतू नागमोडी असतो, ताणला की परत येतो आणि टाक्यांतला कमीजास्तपणा पोटात घालतो. सुताला ही लवचीकता नाही, त्यामुळे नवख्याची बोटं लवकर दुखतात. पण बाळंतविड्यातलं टोपडं मुंबईत विणायचं तर मी सूतच घेईन. साधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतं आणि अ‍ॅक्रिलिक जेमतेम १ ते २ टक्के, म्हणून अ‍ॅक्रिलिकच्या टोपड्यात बाळाचा घाम डोक्यावर तसाच राहतो. शिकण्यापुरतं अ‍ॅक्रिलिक चालेल. स्वस्त असतं, उसवून पुन्हा विणता येतं. मध्यम जाडीचं, घट्ट पिळाचं आणि फिक्या रंगाचं घ्या. काळ्या धाग्यात ट्यूबलाइटखाली टाका दिसत नाही. विणून झाल्यावर त्यावर गरम इस्त्री मात्र फिरवू नका. तंतू मऊ पडून कापड कायमचं लुळं होतं.

भाचीला मी वीस टाके घालून दिले आणि सगळ्या ओळी सुलट विणायला सांगितलं. अशी पट्टी कडांना वळत नाही, सपाट राहते. आठवड्याने ती पट्टी घेऊन आली. कडेला टाके नकळत वाढून विसाचे तेवीस झाले होते. रविवारी दुपारी विणलेल्या ओळी आवळलेल्या होत्या, रात्री पंख्याखाली विणलेल्या सैल. कुठली ओळ कधीची, हे तिला न विचारता सांगता येत होतं.